फॉन्ट फुटतो, नाव जुळत नाही

घोटीला बाजारच्या दिवशी उतरलेल्या माणसाच्या पिशवीत हल्ली एक प्लॅस्टिकची फाइल असतेच. आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, सातबारा, रेशन कार्ड, दोन फोटो. किराणा, बी-बियाणे, दवाखाना ही कामे आटोपली की तो ऑनलाइनवाल्याकडे नंबर लावतो. मुंबई-आग्रा महामार्ग, रेल्वे स्टेशन, सिन्नरकडे फुटणारा रस्ता आणि भाताच्या गिरण्या यांमुळे घोटी ही इगतपुरी तालुक्याची मोठी बाजारपेठ झाली. आसपासच्या वाड्या-पाड्यांसाठी आता सरकारदरबारी पोचण्याची वाटही इथूनच जाते. पीएम-किसानची केवायसी, फार्मर आयडी, जातीचा दाखला, पोरांची शिष्यवृत्ती, भरतीचा अर्ज, लाडक्या बहिणीचा हप्ता, सगळे काही त्या एका काउंटरवर.

तिथे कानावर पडणारी वाक्ये ठरलेली आहेत. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ ‘फोटोचे केबी कमी करावे लागतील.’ ‘नाव जुळत नाही.’ ‘ओटीपी कुणाच्या नंबरवर जातोय?’ ‘अंगठा लागत नाही, हात पुसून पुन्हा लावा.’ शेजारच्या छापखान्यात त्यात आणखी एका वाक्याची भर पडते: ‘फॉन्ट फुटलाय.’

या तक्रारींना आपण किरकोळ समजतो आणि ‘संगणकाचे असेच असते’ म्हणून सोडून देतो. मला ते पटत नाही. यातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीमागे कुणीतरी, कधीतरी घेतलेला एक निर्णय आहे. काही निर्णय तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे आहेत, काही गेल्या वर्षीचे. ते कोणते, हे समजून घेतले तर कुठली अडचण खरोखर अवघड आहे आणि कुठली निव्वळ बेफिकिरीतून आली आहे, याचा उलगडा होतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो: चूक कुणाचीही असली तरी तिचा भुर्दंड काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसालाच पडतो. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि दुसरी फेरी हा तो भुर्दंड.

सुरुवात फॉन्टपासून करावी लागेल, कारण मराठीपुरते बोलायचे तर बऱ्याच दुखण्यांचे मूळ तिथे आहे.

संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे सर्वांनी मिळून ठरवले तरच एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर वाचता येते. भारतीय लिपींसाठी हे ठरवण्याचे काम आपल्याकडे वेळेवर झाले होते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले, जिस्ट कार्डामुळे साध्या संगणकावर देवनागरी दिसू लागली, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगभरच्या लिपींसाठीच्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा एक गट मिळाला आणि त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती. म्हणजे पाया होता, वेळेत होता आणि आपल्याच माणसांनी घातलेला होता.

बाजारात मात्र दुसरेच घडले. नव्वदच्या दशकात गावोगावी डीटीपीची दुकाने निघाली. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि एक लेझर प्रिंटर एवढे असले की लग्नपत्रिका, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, शाळेची स्मरणिका, निवडणुकीचे पत्रक, सगळे छापता येई. या सॉफ्टवेअरना देवनागरी कळत नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाला वाटते आपण इंग्रजी लिहितो आहोत, कागदावर उमटते मराठी. श्रीलिपी, शिवाजी, आकृती, कृतिदेव अशी कितीतरी नावे त्या काळात घराघरांत पोचली. प्रत्येकाची मांडणी वेगळी.

‘घोटी’ हाच शब्द घ्या. कृतिदेवमध्ये तो टाइप केला तर फाइलमध्ये साठवले जाते ते असे: प्रश्नचिन्ह, के, पुन्हा के, एस, मोठा व्ही आणि एच. प्रश्नचिन्हाच्या जागी अर्धा घ बसवलेला आहे, पहिला के म्हणजे त्या घ चा दंड, दुसरा के म्हणजे काना, एस म्हणजे वरची मात्रा, व्ही म्हणजे ट आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. सहा खुणा, आणि त्यांपैकी एकीचाही मराठीशी संबंध नाही. ही फाइल ज्या संगणकावर कृतिदेव नाही तिथे उघडली की गावाचे नाव जाते आणि रोमन अक्षरांचा कचरा उरतो. युनिकोडमध्ये याच शब्दाला चार खुणा पुरतात: घ, ओकार, ट, दीर्घ वेलांटी. त्या चारही मराठी आहेत आणि जगातल्या कुठल्याही संगणकाला, फोनला त्या तशाच कळतात.

यात डीटीपीवाल्यांना दोष देण्याची रीत आहे. ‘ते जुनेच धरून बसले’ असे म्हटले जाते. हा आरोप अन्यायाचा आहे. विंडोज २००० बरोबर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट घरोघरच्या संगणकात येऊन बसला, हे खरे. पण छपाईचे काम ज्यात होते त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड मराठी कधीच जमली नाही. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मजकूर टाकला की जोडाक्षरे फुटत. पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये मराठी नीट बसू लागायला २०१० नंतरचे दशक उजाडले. ज्याला उद्या सकाळी पत्रिका छापून द्यायची आहे, तो उपलब्ध आहे त्याच हत्याराने काम करणार. शिवाय टंकलेखनाच्या परीक्षेसाठी शिकलेली बोटे रेमिंग्टनच्या कळफलकावर बसलेली होती. सरकारने पुरस्कारलेल्या इनस्क्रिप्टवर नव्हे. नवे शिकण्यासाठी त्यांना कुणी वेळही दिला नाही आणि पैसेही.

नुकसान मात्र सगळ्यांचे झाले. गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात जेवढी मराठी संगणकावर टाइप झाली, तिचा फार मोठा भाग अशा फाइलींत अडकून पडला आहे. दिवाळी अंक, तालुक्याची साप्ताहिके, ग्रामपंचायतींचे ठराव, सहकारी संस्थांची इतिवृत्ते, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका. छापलेली प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे; फाइल मात्र असून नसल्यासारखी. इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडतच नाहीत. वृत्तपत्रांच्या पहिल्या संकेतस्थळांवरही ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे. तो फॉन्ट गेला तसा तो मजकूरही वाचनापलीकडे गेला. इगतपुरीसारख्या तालुक्यात हे अधिक लागते. रेल्वे, दारणेपासून भावलीपर्यंतची धरणे, महामार्ग आणि आता समृद्धी महामार्ग: दर पिढीत इथल्या कुणाची ना कुणाची जमीन गेली आहे. अशा ठिकाणी जुना ठराव, जुनी यादी, जुने पत्र सापडणे ही हौसेची बाब राहत नाही.

युनिकोडने सगळे सुटले का? बरेच सुटले, पण काही गाठी उरल्या. ‘ॲप’ मधल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, आजही पुष्कळजण देतात. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतला ऱ्या दोन-तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतो, आणि शोधताना एका तऱ्हेने लिहिलेला दुसरीला सापडत नाही. शेतकऱ्यांच्या राज्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द सगळ्या कागदांत एकसारखा सापडू नये, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. शोधण्यापूर्वी या तऱ्हा आतल्या आत एकसारख्या करून घेणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला फार तर एका दुपारचे काम आहे. अनेक ठिकाणी ते झालेलेच नाही.

आता पीडीएफ. हा प्रकार १९९३ मध्ये आला तो एका चांगल्या हेतूने: कागद कुठेही उघडला तरी जसाच्या तसा दिसावा. २००८ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. घोटीतल्या कुठल्याही काउंटरवर ‘पीडीएफ करून पाठव’ हा शब्दप्रयोग दिवसातून कितीतरी वेळा होतो. दिसण्याचे काम पीडीएफ उत्तम करते. मजकूर परत काढायचा झाला की मराठीचे हाल सुरू होतात.

एखाद्या शासकीय कागदाच्या पीडीएफमधून ‘निर्णय’ हा शब्द कॉपी करून बघा. पुष्कळदा हाती येतो तो ‘िनणर्य’. वेलांटी न च्या आधी आलेली आणि रफार ण वरून उडून य वर बसलेला. याचे कारण साधे आहे. मराठीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र आधी काढली जाते. रफाराचे नेमके उलट. पीडीएफ कागदावरचा क्रम लक्षात ठेवते, भाषेतला नाही. आत भाषेचा क्रम जपण्याची सोय त्या प्रकारात आहे, पण पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती वापरायला हवी आणि बनवणाऱ्या माणसाने तपासायला हवी. ते न झाल्यामुळे इंटरनेटवर ‘िनणर्य’ असेच शोधले तरी ढीगभर कागद सापडतात, आणि बरोबर लिहून शोधणाऱ्याला त्यांतले अनेक सापडत नाहीत. ज्या आदेशाने एखाद्याची विहीर मंजूर व्हायची, तो आदेश सार्वजनिक आहे, फुकट आहे, आणि तरी त्याच्या हाती लागत नाही. जिथे मूळ प्रतीचा नुसता स्कॅन चढवलेला असतो तिथे तर शोधायला अक्षरेच नाहीत.

पीडीएफची आणखी दोन दुखणी काउंटरवर रोज दिसतात. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो, ही खरोखर चांगली सोय आहे. पण तो संगणकावर उघडला की सहीच्या जागी अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. सही खोटी असते असे नाही; सही प्रमाणित करणाऱ्या भारतीय संस्थेवर त्या संगणकाने विश्वास ठेवावा असे त्याला अजून कुणी सांगितलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. एकदा ते जुळवले की हिरवी बरोबरची खूण येते. समोरच्या बाबूला हे ठाऊक नसेल तर तो ‘सही व्हॅलिड नाही, तलाठ्याची आणा’ म्हणून मोकळा होतो. उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो, तो टाकून खात्री करता येते, पण ती तसदी घेणारा माणूस नशिबाने भेटावा लागतो. दुसरे दुखणे आधारच्या पीडीएफचे. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत आणि जन्माचे वर्ष. ज्या आजीला आपल्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग माहीत नाही आणि जिची जन्मतारीख कुणीतरी १ जानेवारी टाकून दिली आहे, तिला तिचाच कागद उघडायला दुसऱ्याची मदत लागते.

नाव हा यापुढचा आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर भाग. फॉन्ट फुटला तर पत्रिका उशिरा छापली जाते. नाव फुटले तर पैसे थांबतात.

सातबारा मराठीत आहे. आधारचा सगळा व्यवहार मुळात इंग्रजीतून चालतो; नोंदणी करताना इंग्रजीत टाइप केलेल्या नावाचे मराठी रूप सॉफ्टवेअर सुचवते आणि ऑपरेटरने ते तपासून दुरुस्त करायचे असते. घाईत ते राहून जाते. ‘ज्ञानेश्वर’ चे आपले इंग्रजी स्पेलिंग डी-एन ने सुरू होते, हिंदीभाषक जी ने सुरू करतात. डी-एन वाले नाव यंत्राने उलट मराठीत आणले की ‘दन्यानेश्वर’ तयार होतो. रोमन लिपीत ट आणि त यांना एकच अक्षर, ळ आणि ल यांनाही एकच. त्यामुळे खुद्द गावाचे नाव ‘घोती’ होऊन येऊ शकते. याच तालुक्यात घोटी बुद्रुक आहे आणि घोटी खुर्दही. अर्जातल्या यादीत दोन्ही इंग्रजीत, शेवटच्या दोन-दोन अक्षरांच्या फरकाने एकाखाली एक. बोट घसरले की अर्ज दुसऱ्या गावाला जातो.

त्यात नावाचा क्रम. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर बाईचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा राहतो. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवून दिला. आईचे नाव कागदावर आले, हा निर्णय मी मनापासून चांगला मानतो. परंतु असंख्य अर्जांत नावाचे रकाने अजून तीनच आहेत. ही मुले शाळेच्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांपर्यंत पोचायला काही वर्षे आहेत. तेवढ्या वेळात रकाने बदलले नाहीत तर एका चांगल्या निर्णयाची कटकट त्याच आयांच्या माथी येईल.

ॲग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल शेती-योजनेच्या फार्मर आयडीने हे सगळे एकदम वर आणले. आधारवरचे नाव आणि जमिनीच्या नोंदीतले नाव किती जुळते, याचा हिशेब यंत्र करते. वडिलोपार्जित जमीन, सामाईक खाते, आजोबांचे नाव अजून कमी झालेले नाही, कुठे नुसते ‘रामा’ तर कुठे ‘रामचंद्र’, अशा नोंदी आपल्याकडे घरोघरी आहेत. हस्तलिखित सातबारा संगणकात भरताना झालेल्या चुका वेगळ्याच. लेखनप्रमाद दुरुस्त करायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. तहसीलदाराकडे अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मग आदेश, मग फेरफार. टाइप करणाऱ्याची एका वेलांटीची चूक, आणि ती काढायला खातेदाराने इगतपुरीला खेटे घालायचे.

इथे मला २०१७ च्या उन्हाळ्यातल्या चावडी वाचनाची आठवण करून द्यावीशी वाटते. संगणकात भरलेले सातबारे गावात जाऊन लोकांसमोर मोठ्याने वाचायचे आणि चुका तिथल्या तिथे टिपून घ्यायच्या, अशी ती मोहीम होती. सगळीकडे ती सारख्या निगुतीने झाली असे म्हणता येणार नाही. पण महाराष्ट्रात सॉफ्टवेअरच्या बाबतीत झालेले सर्वांत शहाणपणाचे काम मला तेच वाटते. ज्याची नोंद आहे त्याला ती ऐकवा, लिहिता-वाचता येवो न येवो, आपले नाव चुकले आहे हे त्याला लगेच कळते. फार्मर आयडी असो की नवी कुठली यादी, ती कायम करण्यापूर्वी असे एक वाचन सक्तीचे का नसावे?

अर्जातल्या बारीक जाचांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांच्या अनुभवाचे आहेत. बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. आजच्या फोनचा फोटो तीन-चार एमबीचा, आणि आयफोनचा असेल तर २०१७ पासून हेक प्रकारातला, जो अनेक अर्ज घेतच नाहीत. डायल-अपच्या आणि महागड्या साठवणीच्या काळात अशा मर्यादांना अर्थ होता. आज आलेला फोटो आपोआप लहान करून घेणे हे सर्व्हरचे काम आहे. ते केले जात नाही म्हणून खेडोपाडी ‘केबी कमी करून देणे’ हा पाच-दहा रुपयांचा धंदा उभा राहिला आहे. तीच गोष्ट ब्राउझरची. इंटरनेट एक्सप्लोररवरच चालतील अशा व्यवस्था सरकारी कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे बांधल्या; जून २०२२ मध्ये तो ब्राउझर बंद झाला तेव्हा सहीचे डोंगल हातात घेऊन माणसे बसून राहिली. एका कंपनीच्या वस्तूवर सार्वजनिक काम टांगले की असे होते, हे सांगणारे धोरण आपल्याकडे तेव्हाही होते: केंद्र सरकारने खुल्या प्रमाणांचे धोरण नोव्हेंबर २०१० मध्येच जाहीर केले होते. वर्डचा नवा प्रकार आंतरराष्ट्रीय प्रमाण व्हावा की नाही यावर २००८ मध्ये मतदान झाले तेव्हा भारताने विरोधात मत दिले होते. कागदावरची भूमिका पक्की होती, कचेरीत ती उतरली नाही.

डोंगराकडे गेले की प्रश्न आणखी बदलतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. कल्पना चांगली आहे. तलाठी गावात न येता पीक लिहितो ही जुनी तक्रार तिने मिटू शकते. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, हेही विचारपूर्वक केलेले आहे. पण खरिपाच्या नोंदीचे दिवस म्हणजे इथल्या धो-धो पावसाचे दिवस. आवणी नुकतीच उरकलेली, खाचरात गुडघाभर चिखल, फोन ओला, जीपीएस जागा पकडायला वेळ घेतो, आणि वैतरणेच्या किंवा भंडारदऱ्याच्या बाजूला नेटवर्क येते-जाते. मुदत संपत आली की सगळे राज्य एकाच वेळी ॲप उघडते आणि मग ‘सर्व्हर डाउन’. शेवटच्या आठवड्यात गर्दी होणार हे दरवर्षी ठाऊक असते. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजनेच्या अर्जांच्या वेळी हेच झाले. गर्दी ही आपत्ती नव्हे, तिचा अंदाज आधी करता येतो. विभागवार तारखा दिल्या तरी निम्मा ताण उतरेल.

ओटीपीची गोष्ट अशीच. घरात फोन एक, तो मुलाकडे, मुलगा कामाला वाडीवऱ्हेच्या कारखान्यात. म्हातारा काउंटरवर, ओटीपी तिकडे, आणि तो सांगेपर्यंत मुदत संपलेली. भाताच्या आणि दगडमातीच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या, म्हणून अंगठाही लागत नाही. डोळ्यांचे किंवा चेहऱ्याचे पर्याय आहेत, ते प्रत्येक केंद्रावर असायला हवेत.

आता नव्या लाटांविषयी. प्रत्येक खात्याचे वेगळे ॲप ही गेल्या दशकातली लाट होती. फोनची साठवण भरली, पासवर्ड विसरले गेले. दुसरी लाट भाड्याची. इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबीने २०१३ मध्ये कायमच्या परवान्याची विक्री थांबवून महिन्याच्या वर्गणीकडे वळायचे ठरवले. मुंबईतल्या जाहिरात कंपनीला ती वर्गणी परवडते, लग्नसराईच्या चार महिन्यांत वर्षाची कमाई करणाऱ्या छापखान्याला ती जड जाते. म्हणून जुनी आवृत्ती, जुना फॉन्ट आणि जुना संगणक तसाच चालू राहतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला, आणि धडधाकट संगणक बदलण्याचा तगादा त्यांच्यामागे लागला. लायब्ररी, शाळा, पतसंस्था यांनी लिब्रेऑफिस आणि लिनक्स यांच्याकडे गंभीरपणे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. पत्रव्यवहार, हिशेब, अहवाल हे सगळे त्यात होते, आणि मराठी युनिकोड उत्तम चालते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट सगळ्यांत मोठी, आणि तिच्याकडून मला खरी आशाही आहे. २०१७ पासून फोनवर मराठी बोलून लिहिता येते. ज्याला कळफलक जमत नाही अशा माणसाच्या हातात पहिल्यांदाच लेखणी आली. जुन्या छापील पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर उतरवणे आता बरेच नीट जमते. केंद्राची भाषिणी ही भाषांतर-सेवा २०२२ मध्ये सुरू झाली. पण इथेही मराठीला जादा किंमत मोजावी लागते, हे लक्षात असू द्यावे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरे मावतात, मराठीत लिहिले की मर्यादा ७० खुणांवर येते. ‘घोटी बुद्रुक’ एवढेच लिहायला त्यातल्या १२ जातात. साठवताना देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. नव्या भाषा-यंत्रांचा हिशेबही मजकुराच्या तुकड्यांवर चालतो आणि त्याच आशयाचे मराठीत जास्त तुकडे पडतात. आणि ही यंत्रे शिकतात ती उपलब्ध मजकुरावर. आपला तीस वर्षांचा मजकूर प्रश्नचिन्हे आणि इंग्रजी अक्षरांच्या वेषात पडून राहिला, सरकारी मजकूर ‘िनणर्य’ अशा रूपात फिरत राहिला, तर यंत्राला तोडकी मराठी येते यात नवल ते काय?

उलट उदाहरणेही आहेत. मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये इंटरनेटवर आला आणि घोटीतल्या शाळकरी मुलालाही फोनवर उघडता येऊ लागला. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आज शब्द टाकून शोधता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून वाढत आहे. मुक्त, बालू, नोटो असे देखणे देवनागरी फॉन्ट आज फुकट मिळतात. ‘युनिकोडमध्ये चांगले फॉन्ट नाहीत’ ही सबब आता चालणार नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने खर्च व्हायचा पैसा समारंभांआधी या कामाला लागावा: प्रत्येक शासन निर्णय शोधता येईल अशा मजकुरात, नावांच्या दुरुस्तीसाठी तालुक्याला न जाता गावातच सोय, आणि कुठलेही नवे ॲप आधी इगतपुरी-अकोले यांसारख्या पावसाच्या, डोंगराच्या तालुक्यात एक हंगाम चालवून मगच राज्यभर.

सरकारवर न थांबता आपल्या हातात आहे तेवढे तरी करू या. घोटी परिसरातल्या ज्या शाळेकडे, पतसंस्थेकडे, ग्रामपंचायतीकडे, छापखान्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइली आहेत, त्यांनी त्या यंदाच युनिकोडमध्ये आणाव्यात. रूपांतराची साधने फुकट आहेत. रूपांतर झाल्यावर मात्र जोडाक्षरे आणि नावे माणसाने छापील प्रतीशी ताडून पाहावीत. फाइलीच्या नावात वर्ष आणि विषय लिहावा, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या जागी ठेवावी. कॉलेजातल्या पोरांना हे काम दोन सुट्ट्यांत जमेल. त्याचा मोबदला त्यांना जरूर द्यावा. आणि जुना संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा पाहून घ्या.